वीस वर्षं न उपसलेली टाकी आणि आमच्या विहिरी

खाडीकाठ

नमस्कार.

विजयदुर्ग खाडीच्या काठावर आमचं गाव आहे. वस्ती १८०० च्या आसपास. वर सडा म्हणजे कातळाचं पठार, मधे घाटी, खाली बाजारपेठेची ६० घरं एकमेकांना चिकटून, तिला लागून खालची वाडी, पुढे भरतीचं पाणी शिरणारं खाजण आणि मग खाडी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे सांगणार आहे ते किनाऱ्यावरच्या पुष्कळ गावांना लागू पडेल आणि मला कुणाची बदनामी करायची नाही.

गेल्या जुलैत आईला कावीळ झाली. वय ७२. पंधरा दिवसांत आमच्या वाडीत आणखी चार घरांत कावीळ निघाली. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, ही पाण्यातून पसरणारी आहे, विहिरी तपासून घ्या. आरोग्य केंद्रातून त्या छोट्या बाटल्या आणल्या, ज्यांत पाणी भरून ठेवलं आणि ते दूषित असलं तर काळं पडतं. वाडीत नऊ विहिरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहा बाटल्या काळ्याकुट्ट झाल्या. त्यांत आमच्या पणजोबांनी बांधलेली विहीरही होती. गणपतीला आलेले पाहुणे तिचं पाणी बाटल्या भरून मुंबईला न्यायचे.

मग मी घरोघरी जाऊन एकच विचारलं, तुमची संडासाची टाकी शेवटची कधी उपसली? जवळजवळ प्रत्येक घरी एकच उत्तर, आणि तेही अभिमानाने: "बांधल्यापासून एकदाही नाही." आमच्या बाबांनीही तेच सांगितलं. वीस वर्षांपूर्वी बांधलेली टाकी, कधी भरलीच नाही.

पाच माणसांचं घर. माणशी वर्षाला ४० लिटर गाळ धरला तरी वीस वर्षांत ४ हजार लिटर होतो. आमच्या टाकीत मावतं दोन-अडीच हजार. उरलेलं गेलं कुठे? एप्रिलमध्ये टँकर बोलावून टाकी उपसून घेतली. चारी बाजूंना उघडा चिरा, आतून गिलावा नाही, तळाला काँक्रीट नाही. नुसता जांभा दगड, आणि त्यात हात जाईल एवढी भेग. विहीर तिथून चौदा पावलांवर, उताराच्या बाजूला.

बाबा त्या दिवशी टाकीच्या कडेला बराच वेळ उभे होते. काही बोलले नाहीत.

आता ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात एक प्रस्ताव आला आहे. बाजारपेठेतून सिमेंटची गटारं बांधायची, सगळं सांडपाणी खाजणाजवळ आणायचं आणि तिथे विजेवर चालणारा शुद्धीकरण प्रकल्प बसवायचा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यावर चर्चा आहे. हात वर करण्याआधी मला हे समजून घ्यायचं आहे. ज्यांनी गावात असं काम केलंय किंवा पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

लालबागचा चाकरमानी

आईंची तब्येत आता कशी आहे? काळजी घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. प्रकल्प होत असेल तर होऊ द्या. आम्ही मुंबईत राहतो, तिथे मैला घरातून गेला की गेला, भूमिगत गटारातून थेट केंद्रावर. गावाने कायम खड्डेच का वापरायचे? वर्षानुवर्षं ओरडतोय की कोकणात काही येत नाही, आणि आलं की आपणच शंका काढतो. गटारं करा, पण वरून झाकून करा, एवढंच.

---

देवगडकर

आमच्याकडे पण ह्याच आसा. टाकी बांधतल्या गवंड्याक इचारलंय, तळाक काँक्रीट कित्याक नाय घातला? म्हणता, "काँक्रीट घातला तर टाकी भरतली, मगे तुमीच माका गाळी घालतल्यात." आमका कोणी सांगूकच नाय की टाकी भरूक व्हयी म्हणान.

---

सांडपाणी अभियंता

निवृत्त आहे. आयुष्याची तीस वर्षं याच कामात गेली, त्यातली शेवटची बरीच कोकणात. देवगडकरांच्या गवंड्याचं वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण सगळा घोळ तिथेच आहे. सेप्टिक टँक ही गाळ धरून ठेवायची जागा आहे. गाळ खाली बसतो, तवंग वर राहतो, मधलं पाणी बाहेर पडतं. दर दोन-तीन वर्षांनी ती उपसायलाच हवी. जी भरत नाही ती टाकी नव्हेच, ते जमिनीत उघडणारं तोंड आहे.

आणि नीट बांधलेल्या टाकीतून बाहेर पडणारं पाणीसुद्धा स्वच्छ नसतं. घाणीचा भार तिथे साधारण एक तृतीयांश ते निम्मा कमी होतो. रोगजंतू तर बरेचसे तसेच पुढे जातात. ते पाणी शोषखड्ड्यात किंवा झाडांच्या वाफ्यात सोडावं लागतं, गटारात नाही.

आता जांभा. काळ्या मातीत पाणी हळूहळू मुरतं, जंतू गाळले जातात, वाटेत मरतात. जांभ्याला भेगा आणि पोकळ्या असतात. जुलैत विहिरीला बाजूने झरा फुटलेला पाहिला असेल. त्याच वाटेने टाकीतलंही येतं. शोषखड्डा आणि विहीर यांत दहा मीटर अंतर ठेवा असं सर्रास सांगितलं जातं. भेगाळ कातळावर तेवढ्यावर विसंबू नका, आणि विहीर उताराला असेल तर मुळीच नको. दुसरा नियम लोक विसरतात: खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलपातळीच्या दोन मीटर वर असावा. तुमच्या खालच्या वाडीत जुलैत विहिरी काठोकाठ असतात. म्हणजे टाकीच पाण्यात उभी असते.

आता प्रस्तावाबद्दल, आकडे घेऊन बोलू. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात, म्हणजे माणशी ४४ लिटर. बाजारपेठेची ६० घरं, ३०० माणसं, १३,२०० लिटर रोजचे. हा झाला कोरड्या दिवसाचा हिशोब.

एक गुंठ्याच्या खळ्यावर, म्हणजे अंगणावर, १०० मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होतं. आपल्याकडे जुलैत असे दिवस नवे नाहीत. बाजारपेठेचा रस्ता, कौलं, पत्रे, खळी मिळून किती गुंठे होतात ते मोजा. ते सगळं पाणी त्याच गटारात आलं तर पहिल्या दोन तासांत तुमच्या प्रकल्पातले जीवाणू, गाळ, सगळं वाहून खाडीत जाईल. सांडपाण्याची वाट आणि पावसाच्या पाण्याची वाट वेगळी नसेल तर कोकणात कुठलंही यंत्र टिकत नाही. मी हे होताना पाहिलं आहे.

तिसरी गोष्ट वीज. हवा मारणारा प्रकल्प जवळजवळ चोवीस तास चालावा लागतो, कारण त्यातल्या जीवाणूंना प्राणवायू लागतो. दोन-तीन दिवस वीज गेली की ते मरतात आणि पुन्हा वाढवायला काही आठवडे जातात. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते ही वादळं आठवा, किती वाड्या किती दिवस अंधारात होत्या. आणि दर महिन्याचं बिल, पंपाची दुरुस्ती, चालवणारा माणूस? घरपट्टी-पाणीपट्टीतून हे निघणार आहे का, ते ग्रामसभेत लेखी विचारा. उद्घाटनाचा खर्च शासन देतं, चालवण्याचा गावाला करावा लागतो.

---

लालबागचा चाकरमानी

पावसाचा हिशोब माझ्या डोक्यात आला नव्हता. पण मग गावाने करायचं काय? खड्डा नको, गटार नको, यंत्र नको.

---

सांडपाणी अभियंता

रास्त प्रश्न. मी तीन तुकडे करतो.

घराला परसदार आहे तिथे न्हाणीघराचं आणि मोरीचं पाणी घराबाहेर जाताच कामा नये. बाजारपेठेत परसदार नाही, तिथलं न्हाणी-मोरीचं पाणी बंद पाइपमधून एका जागी न्यावं लागेल. आणि संडासाचं पाणी कुठल्याही घरात या दोन्हींत मिसळायचं नाही, त्याचा बंदोबस्त वेगळा.

बाजारपेठेसाठी यंत्राऐवजी खडीचा वाफा करता येतो. आधी दोन-तीन कप्प्यांची टाकी, तिच्यात तेल, राख, भाताची शितं बसतात. मग साठ सेंटिमीटर खोल, तळाला पाणी न मुरणारा हौद, त्यात १० ते २० मिलिमीटरची खडी आणि वर कर्दळ, पाणकणीस. पाणी खडीच्या वर दिसत नाही, त्यामुळे डास नाहीत. मुळांभोवती आणि खडीवर जीवाणूंचा थर धरतो, तो घाण खातो. १३,२०० लिटर रोजचे, खडीत ४० टक्के पोकळी, पाणी तीन दिवस आत राहावं असं धरलं तर जागा लागते १६५ चौरस मीटर, म्हणजे दीड गुंठा आणि वर थोडं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने याच तत्त्वावर फायटोरिड नावाची पद्धत विकसित केली आहे. वीज नाही. उतार असला की झालं, आणि उतार कोकणात मागावा लागत नाही.

निधीचंही सांगतो. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५ हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत मर्यादा ठेवली होती, त्यातले ३० टक्के वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने घालायचे. १८०० माणसांचे होतात ५ लाख ४ हजार. तुमच्या प्रस्तावाची रक्कम त्याच्याशेजारी ठेवा आणि वरचा पैसा कुठून येणार ते विचारा.

---

रोखठोक

सगळं ठीक, पण इतकं अवघड कशाला? नांदेड जिल्ह्यात घरोघरी मॅजिक पिट करून गावं गटारमुक्त केली, डास गेले. चार फूट खड्डा, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. रोजगार हमीतून पैसे मिळाले. नांदेडला जमतं ते आपल्याला का नाही? आपण फक्त चर्चा करतो.

---

सांडपाणी अभियंता

नांदेडचं काम खरोखर चांगलं आहे, मी जाऊन पाहिलं आहे. पण तिथल्या तिपटीच्या आसपास पाऊस आपल्याकडे पडतो, आणि तोही चार महिन्यांत. तिथे भूजल खोल असतं, खड्डा कोरडा राहतो. आपल्या खालच्या वाड्यांत जूनअखेर चार फुटांचा खड्डा खणला तर त्यात खालूनच पाणी येतं. मॅजिक पिट सड्यावर जिथे मातीचा थर जाड आहे तिथे जरूर करा, न्हाणीच्या पाण्यासाठी. खाजणाशेजारी नको. तिथे खोल जायचंच नाही, पसरायचं. जमिनीचा वरचा हात-दीड हात माती, मुळं, गांडुळं हेच आपलं शुद्धीकरण केंद्र.

---

परसदार

अभियंता काका, "खोल जायचंच नाही, पसरायचं" हे वाचून माझी आजीच आठवली.

आमच्या जुन्या घरी न्हाणीचं पाणी उघड्या पन्हळीतून आगरात जायचं. पन्हळीला तीन तोंडं. आज या माडाच्या आळ्यात, परवा त्या माडाच्या, मग केळीच्या लोंगेकडे. तोंड बदलायचं काम आम्हा मुलींचं. एकाच आळ्यात पाणी साचून राहिलं की आजी रागवायची, "माड कुजवशील." मोरीचं पाणी वेगळं, ते अळवाच्या वाफ्याला. भांडी राखेने घासायची, अंगाला शिकेकाई नाहीतर थोडा साबण. १९९० नंतर कधीतरी घर बांधताना गवंड्याने सगळं एका पाइपला जोडलं आणि पाइप पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, सोडला. सगळ्यांनी तेच केलं. आता आमच्या पऱ्ह्यात मे महिन्यात फेस दिसतो.

दोन वर्षांपूर्वी मी पुन्हा आळी केली. आता साबण-पावडर जास्त असते, म्हणून आधी एक छोटा चिऱ्याचा हौद, त्यात नारळाची सोडणं आणि जाड वाळू; सोडणं तीन महिन्यांनी बदलते आणि जुनी खतात टाकते. कपड्यांचं पाणी रोज एकाच झाडाला देत नाही. अळू आम्ही आता त्या पाण्यावर खात नाही, तिथे फक्त केळी आणि कर्दळ. खाण्याचं अळू वेगळ्या वाफ्यात. केळीचे घड बघायला या कुणीही.

पावसात मात्र आळ्यांचा उपयोग कमी. जमीन आधीच तुडुंब असते. मी पागोळ्यांचं पाणी पूर्ण वेगळ्या पन्हळीने काढते, त्यामुळे निभावतं.

---

निवृत्त आरोग्य सहाय्यक

धागाकर्त्याला एक विनंती. त्या काळ्या बाटल्या म्हणजे इशारा आहे, निकाल नव्हे. गंधकावर वाढणाऱ्या इतर जीवाणूंमुळेही कधी कधी बाटली काळी पडते. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना पाठवून ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतू, बघा. पिण्याच्या पाण्याच्या मानकात १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही.

दुसरं, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. आमच्या वेळी जलसुरक्षक एक डबा ठरवून टाकायचे, बारा महिने तोच डबा. १ हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर हा हिशोब आहे. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असलं तर ते साधारण २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. जुलैत तेच पाणी आठ मीटर होतं, मग १४० ग्रॅम लागते. आपण नेमकं साथीच्या महिन्यात निम्मी पावडर टाकत असतो. पावडर बादलीत कालवून, निवळी वरून घेऊन विहिरीत खोल सोडायची, तासभर थांबायचं, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची चाचणी. पिवळा रंग आला पाहिजे. पाकीट उघडं ठेवलेलं असेल तर त्यातला क्लोरीन उडालेला असतो, ती पावडर टाकून नुसतं समाधान मिळतं.

काविळीतली ई प्रकारची गरोदर बाईला जिवावर बेतते. वाडीत कुणी असेल तर तिच्या घरी उकळलेलंच पाणी जाईल हे आजच्या आज बघा. गटार-प्रकल्प पुढचं पुढे.

---

तिसऱ्या

मी खाडीत उतरणारी बाई. कालवं, तिसऱ्या, मुळे असे शिंपले काढून विकते. आई विकायची, तिची आईही. इथे कुणी खाडीचं बोललं नाही म्हणून लिहिते.

सगळेजण म्हणतात "खाडीत सोडू," जसं खाडी म्हणजे कुणाचंच नाही. कालव आणि तिसरी पाणी गाळून जगतात. एक कालव तासाला काही लिटर पाणी ओढतं. पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात साठतं. बाजारपेठेचा नाला जिथे खाडीला मिळतो तिथली कालवं आम्ही चार वर्षांपासून काढत नाही, वास येतो. वर सरकलो. उद्या प्रकल्प बंद पडला आणि सगळी गटारं एकाच तोंडाने तिथे आली तर आम्ही आणखी कुठे सरकायचं? पुढे कांदळवन आहे, तिथे पाय रोवता येत नाही.

ग्रामसभेत आमच्या बायका येतील. आम्हाला एवढंच विचारायचं आहे, की खाडीत सोडण्याआधी ते पाणी कोण तपासणार आणि किती दिवसांनी.

---

सांडपाणी अभियंता

ताई, हा प्रश्न लेखी द्या. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार शुद्ध केलेल्या पाण्यात बीओडी, म्हणजे कुजणाऱ्या घाणीचं माप, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत आणि विष्ठेतले जंतू १०० मिलिलिटरमध्ये १ हजाराच्या आत हवेत, महानगरांसाठी आणखी कडक. कच्च्या सांडपाण्यात बीओडी दोनशे-तीनशे असतो. खरं तर तुमच्या गावात ते पाणी खाडीपर्यंत जायचीच गरज नाही. वाफ्यातून निघालेलं पाणी नोव्हेंबर ते मे माडांना आणि काजूच्या रोपांना पुरणारही नाही.

---

वाळूवरचं घर

मालवणच्या बाजूला माझं पर्यटक निवास आहे. सहा खोल्या, पुळणीत. हे लिहायला जड जातंय, पण लिहितो.

पहिली पाच वर्षं सहा खोल्यांना मिळून एकच टाकी होती, घरच्या पाच माणसांसाठी बांधलेली. मे महिन्यात आणि नाताळात वीस-वीस माणसं. प्रत्येक जण समुद्रातून आला की गोड्या पाण्याने आंघोळ करणार. टाकीत पाणी टिकायलाच वेळ मिळत नव्हता, आत आलं की बाहेर. वाळूत खणलं की पाच-सहा फुटांवर पाणी लागतं. आमच्याच बोअरला वास यायला लागला तेव्हा मला कळलं. त्याआधी त्याच पाण्याने पाहुण्यांना चहा दिला आहे.

मग आंघोळीचं पाणी वेगळं केलं, संडासाची टाकी तीन कप्प्यांची बांधली, तळाला आणि भिंतींना वॉटरप्रूफ गिलावा, पुढे खडीचा वाफा जमिनीच्या वर उंचावून केला, कारण खाली जायला जागाच नव्हती. एका मोठ्या हंगामातल्या उत्पन्नाचा भाग गेला. आता दर उन्हाळ्याआधी टाकी उपसून घेतो. ज्यांची खोल्या वाढवायची तयारी चालली आहे त्यांनी आधी टाकी वाढवा.

---

वाडीच्या टोकाला

उपसून घ्या, उपसून घ्या, असं सगळे लिहीत आहेत. मी ज्या घरातला आहे तिथे हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं गेलं. माझे काका सणासुदीच्या आधी रात्री बोलावले जायचे, टाकीत उतरायचे, आणि सकाळी त्याच घरात त्यांना पाणी वरून ओतून दिलं जायचं. टाकीत उतरल्यावर वायूने जीव जातो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते वाचले. सगळे वाचत नाहीत.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवून मैला काढायला लावणं हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठीची भरपाई २०१४ मध्ये १० लाख ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. पैशाने माणूस परत येत नाही. म्हणून ठरावात आधीच लिहा, की टाकी फक्त यंत्राने उपसली जाईल, आणि ज्या घराची टाकी यंत्राने उपसता येत नाही ते घर टाकी बांधणारच नाही, दुसरी पद्धत घेईल. हा माझा आग्रह आहे.

---

खाडीकाठ

दादा, तुमचा आग्रह मी जसाच्या तसा ठरावात मांडणार. एप्रिलमध्ये आमची टाकी उपसणारा टँकर रस्त्यावर उभा होता आणि पाइप खळ्यापर्यंत कसाबसा पोचला. घाटीतल्या बावीसेक घरांना फक्त पाखाडी आहे, चिऱ्याच्या पायऱ्या. तिथे टँकर कधीच जाणार नाही. त्यांचं काय करायचं?

---

सांडपाणी अभियंता

त्या घरांसाठी दोन शोषखड्डे, मधे वाय चेंबर. एक खड्डा भरला की वाट दुसऱ्याला वळवायची आणि पहिला बंद करून दीड-दोन वर्षं तसाच ठेवायचा. तोवर आतल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं, ते फावड्याने काढता येतं, कुणाला घाणीत उतरावं लागत नाही. पण अटी आहेत. त्यात फक्त संडासाचं पाणी, न्हाणीचं नाही. फिनेल, ॲसिड नाही. विहिरीच्या वरच्या बाजूला नाही. आणि भेगाळ कातळ असेल तर खड्ड्याच्या तळाला काँक्रीट करून भोवती अर्धा मीटर बारीक वाळूचं वेष्टन द्यायचं. घाटीत मातीचा थर किती आहे ते आधी पहारीने बघा.

बाकी घरांच्या टाक्या उपसल्यावर तो मैला टँकरवाला कुठे ओततो ते विचारलंत का? विचारा. बहुतेक ठिकाणी रात्री सड्यावर किंवा पऱ्ह्यात ओततात, आणि मग सगळी मेहनत पुन्हा तुमच्याच विहिरीत. साताऱ्यातल्या वाईत वेळापत्रक लावून प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा उपसतात आणि तो मैला शहराच्या स्वतंत्र केंद्रात नेतात. एका गावाला असं केंद्र परवडणार नाही. आठ-दहा गावांनी मिळून पंचायत समितीकडे मागणी केली तर होईल. मैला व्यवस्थापनासाठी स्वच्छ भारत मिशनच्या त्याच टप्प्यात वेगळी तरतूद होती.

---

खाडीकाठ

ग्रामसभा झाली. दोन दिवस लिहायला वेळ मिळाला नाही.

कोरम पहिल्यांदाच एका बैठकीत पूर्ण झाला. खाडीत उतरणाऱ्या पंधरा बायका पुढे बसल्या होत्या. मी बोलणार होतो, पण आधी बाबा उठले. म्हणाले, "आमची टाकी वीस वर्षं भरली नाही म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरायचो. ती माझ्याच विहिरीत भरत होती." आणि बसले. त्यानंतर तीन जणांनी उठून आपापल्या टाकीबद्दल सांगितलं.

यंत्राचा प्रस्ताव फेटाळला नाही, स्थगित ठेवला. सरपंचांनी चालवण्याच्या खर्चाचा कागद मागवला आहे. बाजारपेठेसाठी खडीच्या वाफ्याचं अंदाजपत्रक काढायचं ठरलं. जागा खाजणाच्या वरच्या अंगाला, दोन गुंठे पडीक, एका काकूंनी पंधरा वर्षांच्या करारावर देऊ केली आहे. त्यांची एक अट, वास आला तर बंद करणार. ती ठरावात घातली. पागोळ्यांचं पाणी सांडपाण्याच्या पाइपला जोडणाऱ्याला नळजोडणी मिळणार नाही, यावर मात्र खूप वाद झाला आणि निर्णय पुढच्या सभेवर गेला. यंत्राशिवाय टाकी उपसायची नाही, हे एकमताने झालं.

आमच्या घरी तळ काँक्रीट करून आतून गिलावा घेतला. टाकी विहिरीपासून लांब नेणं जागेअभावी शक्य नव्हतं, म्हणून बाहेर पडणारं पाणी उलट दिशेला, वरच्या आंब्याच्या बाजूला छोट्या पंपाने उचलून वाफ्यात सोडतोय. बरोबर केलं का?

---

सांडपाणी अभियंता

उचलून नेलंत हे बरोबर. वाफ्याचा तळ पाणी न मुरणारा आहे ना तेवढं बघा, नाहीतर ते पुन्हा उतारानेच खाली येईल. विहीर पुढचे दोन महिने दर पंधरवड्याला तपासा, आणि पुढच्या जुलैपर्यंत पाणी उकळूनच प्या. खरी परीक्षा तेव्हा.

---

खाडीकाठ

तळाला जाड प्लास्टिक घातलंय, वर वाळू, वर खडी. आता वाफ्यात लावायला कर्दळ हवी आहे. मोठ्या वाफ्यालाही लागेल, तो नोव्हेंबरात होईल. रोपवाटिकेत शोभेची मिळते, ती चालेल का?

---

परसदार

चालेल, पण विकत कशाला घेताय? माझ्या आगरात लाल आणि पिवळी दोन्ही माजली आहे. आत्ता ओल आहे तोवर कंद काढले तर एकही मरत नाही. चाळीस-पन्नास देते. घरच्या वाफ्यात थोडे लावा, बाकीचे परसात ओळीने लावून ठेवा, नोव्हेंबरपर्यंत तिप्पट होतील. रविवारी सकाळी या, नऊनंतर ऊन चढतं. येताना ओलं पोतं आणा, कंद उघडे ठेवू नका.

---

खाडीकाठ

येतो ताई. सोबत बाबाही येणार म्हणतायत, त्यांना तुमची तीन तोंडांची पन्हळ बघायची आहे.